कुठला निळा

४ मार्च
बंदराच्या गावात, भाड्याच्या वरच्या खोलीतून

प्रिय दादा,

तुला नमस्कार, आणि वहिनीला तुझ्या आधी, कारण पत्र तिच्या हातात आहे. वहिनी, पोस्टात दिवसभर लोकांची पत्रं हाताळून घरी आल्यावर पुन्हा माझं पत्र वाचायचं म्हणजे शिक्षाच आहे, पण जेवणं झाल्यावर सावकाश वाच. तू घाई केलीस की हा मध्येच "हं, पुढे" म्हणतो आणि माझे चांगले चांगले विनोद वाया जातात.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला तीन वाक्यांच्या पुढे जाऊच देत नाहीस. बरी आहेस ना, जेवलीस ना, ठेव मग. पत्राला तुला 'ठेव' म्हणता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तर मी पोचले. एकटी. नीट आठव, तूच म्हणाला होतास, "माझ्यापायी तू कशाला घरी बसतेस, जा एकटी," आणि भिंतीकडे तोंड केलं होतंस. तुझ्याशिवाय पाण्यावर जायची ही माझी पहिलीच वेळ. आधी कड्यावरच्या पायवाटेने चालत टोकाच्या खाडीपर्यंत जायचं, तिथून कयाक भाड्याने घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने परत यायचं, असा बेत आहे. म्हणजे तुझाच जुना बेत. मी फक्त त्यातून तुला वजा केलंय.

डॉक्टरांकडून आल्यापासून तू मागच्या खोलीतून बाहेर पडत नाहीस. दुकानावरची पाटी उतरवलीस. आणि रंगाच्या डब्यांमागे पालथी पडलेली आपली दोघांची कयाक महिनाअखेरीला कुणाला तरी देऊन टाकायची ठरवलीस. या विषयावर एक अक्षरही लिहायचं नाही असं मी निघतानाच ठरवलं आहे. ही अक्षरं धरू नकोस.

आता प्रवासाचं; या गावापर्यंतचा पहिला टप्पा चालून झाला. सॅक इतकी जड झाली आहे की पहिल्या चढावरच नाकी नऊ आले. तू असतास तर निघायच्या आधी निम्मं सामान बाहेर काढून "हे कशाला? हे कशाला?" केलं असतंस. तू नव्हतास म्हणून सगळं घेतलं, आणि आता ते सगळं माझ्या खांद्यांना रात्रंदिवस आठवण करून देतंय. वाटेवर बारीक खडी आहे, बुटाखाली कुरकुर वाजते. वारा सारखा तोंडावर. ओठ चाटले की मीठ. एका वळणावर ओव्यासारखा वास येत होता, कुठल्या झुडपाचा ते कळलं नाही. पुढे वाटेच्या कडेला एक खड्डा होता, तो पाय आत गेल्यावरच कळला. गुडघा सोलवटला, बाकी ठीक.

घरमालकीण बाई बोलकी आहे, पण बोलताना तिची खालची कवळी टकटक वाजते. तुला माहीत आहे, कवळ्या बनवणं हेच माझं काम, त्यामुळे दुसऱ्याच्या तोंडात वाईट बसलेली कवळी ऐकली की मला अन्न गोड लागत नाही. शेवटी मी विचारलंच. म्हणाली, "लागते हो कडेला, पण सवय झाली." मी म्हटलं, सवय कसली, काढा. स्वयंपाकघराच्या टेबलावर बारीक पॉलिश पेपर घेऊन तिची कड घासून दिली. माझ्याकडे पॉलिश पेपर कसा, असं विचारू नकोस; सॅक उगाच जड नाही. तिने दोन वाट्या सूप प्यायलं आणि खोलीचं भाडं नको म्हणाली. मी दिलंच, पण बरं वाटलं.

एक राहिलं. मी निघाले तेव्हा तू दारापर्यंत आला नाहीस, पण आतून ओरडून विचारलंस, "तुझ्या तपासणीचं काय झालं?" डॉक्टर म्हणाले होते ना, हा आजार घराण्यात उतरतो, सख्ख्या बहिणीनेही तपासून घ्यावं. बस सुटत होती म्हणून मी "नंतर सांगते" म्हटलं. नंतर सांगते.

वहिनी, त्याला मागच्या खोलीची खिडकी तरी उघडायला लाव.

तुझी,
पुढच्या सीटवरची


८ मार्च
टोकाच्या खाडीवर, कयाकच्या शेडमधून

प्रिय दादा आणि वाचणाऱ्या वहिनी,

दोघांची तब्येत बरी असेल असं समजते. माझी बरी आहे. पायांची नाही, पण पाय म्हणजे काही मी नव्हे.

चालणं संपलं. कयाक भाड्याने देणाऱ्याला इथे सगळे मिशीवाले म्हणतात. मिशी इतकी मोठी की त्यामागून आवाज येतो तो आणखी कुणाचा तरी असावा असं वाटतं. त्यांनी विचारलं, "एकट्या? आधी चालवली आहे का?" मी तोऱ्यात म्हटलं, लहानपणापासून. "कुठल्या सीटवर?" मी म्हटलं, पुढच्या. मग ते मिशीत हसले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही चालवली नाही, तुम्ही बसलात."

राग आला, पण माणूस खरं बोलत होता. दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याने लय धरायची आणि मागच्याने दिशा, हे मला पाठ आहे. दिशा कशी धरतात हे मात्र मी कधी वळूनही विचारलं नव्हतं. सुकाणूच्या पट्ट्या मागच्याच्या पायाशी असतात, आणि मागे तू असायचास. एकटीच्या कयाकमध्ये त्या पट्ट्या आता माझ्या पायाशी आल्या, आणि माझ्या पायांना काही सुचेना. उजवा दाबायचा तेव्हा डावा. मी खाडीच्या तोंडाशी गोल गोल फिरले. मिशीवाले काठावर बसून चहा पीत बघत होते. त्यांचा चहा संपला तरी मी तिथेच.

दुसऱ्या दिवशी थोडं जमलं. म्हणून लगेच अंगात आलं आणि खाडीबाहेर गेले. बाहेर पाण्याची उचल वेगळी असते, पोटात कळते. हात तुझ्या शिकवणीप्रमाणे चालले: खांद्यातून, मनगटातून नाही. वल्ह्यावरून पाणी बाहीत, बाहीतून काखेत. आणि मग उजवीकडचा एक खडक मला शेवटपर्यंत कळला नाही. आपटले. कयाकला खरचटलं, मला धक्का बसला, उलटले मात्र नाही. खरं सांगते, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मागे वळून "दादा" अशी हाक मारली. मागे कोण असणार? नुसतं पाणी. वहिनी, ही ओळ गाळलीस तरी चालेल.

परत आल्यावर मिशीवाल्यांनी खरचटलेल्या जागेवर हात फिरवला आणि म्हणाले, "खडक चांगला मोठा होता. कसा काय चुकला नाही?" मी वल्हं पुसायला घेतलं.

इथे शेडमागे एक खोली आहे, तिथेच राहते. संध्याकाळी ते पाव आणि उकडलेली अंडी देतात, आणि सल्ले भरपूर देतात. मला अजून काही दिवस इथेच सराव करायचा आहे. कशासाठी, ते विचारू नकोस. तपासणीचंही आता विचारू नकोस. आले की समोरासमोर बोलू. सगळं ठीक आहे.

तू खोलीबाहेर आलास का?

तुझीच,
गोल गोल फिरणारी


१२ मार्च
तिथूनच, शेडसमोरच्या उताराच्या दगडी पायरीवर बसून

प्रिय दादा,

आज नमनाला घडाभर तेल नको. दुपारी वहिनीचा मिशीवाल्यांच्या फोनवर फोन आला. ती रडत होती. ती रडते म्हणजे काय ते तुला आणि मला माहीत आहे. वडील गेले तेव्हाही तिनेच सगळ्यांना चहा करून दिला होता.

म्हणाली, "तुझा दादा धड जेवत नाही. तुझी दोन्ही पत्रं माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतो. म्हणतो, 'हिच्या पत्रात समुद्र कुठे आहे? एवढ्या किनाऱ्यावर फिरतेय आणि एक रंग नाही, एक पक्षी नाही. नुसते वास आणि आवाज. खड्ड्यात पडते. कडेचा खडक तिला कळत नाही. माझं असंच सुरू झालं होतं, चौकटींना खांदे आपटायचे, डबे लाथाडायचो. तिचेही डोळे चाललेत. म्हणून तपासणीचं सांगत नाही. असेपर्यंत बघून घ्यावं म्हणून एकटी गेली, आणि मीच तिला जा म्हटलं.'"

मग तू फोन घेतलास. मी म्हटलं, अरे, माझे डोळे चांगले आहेत. तू म्हणालास, "फोनवर सगळ्यांचं सगळं चांगलं असतं. खोटं बोललीस तर आवाजावरून कळतं म्हणून तू हल्ली लिहितेस. ठीक आहे, लिही. आत्ताच्या आत्ता बस आणि समोर काय आहे ते लिही. निळं असेल तर कुठला निळा ते लिही. मला ओळखू येईल." आणि ठेवलास.

तर घे.

आधी पांढरा, कारण त्यातलं मला कळतं. आमच्या कामात चिनीमातीच्या दातांची एक पट्टी असते, अगदी दुधी दातापासून आयुष्यभर चहा प्यायलेल्या दातापर्यंत. ती मला झोपेतही ओळखता येते. काठाशी जो फेस येतोय तो चहावाला आहे, वाळू मिसळलेला. थोडा पलीकडे, जिथे लाट मोडते, तिथे चाळिशीतल्या नीट घासणाऱ्या माणसाचा दात. आणि लांब, मधूनच वाऱ्याने पाणी उलटतं तिथे क्षणभर दुधी दात दिसतो आणि जातो. डाव्या हाताचा कडा म्हणजे खालचा जबडा, शेवटून दुसरी दाढ पडलेली. त्या फटीत लाट शिरते आणि कुणीतरी चूळ भरल्यासारखा आवाज करून बाहेर येते. पडलेल्या दाढेच्या शेजारच्या दाढेवर पाच काळे पाणपक्षी बसलेत, पंख उघडून वाळत. त्यातला एक आता पंख मिटतोय. मिटला. पुन्हा उघडला, बहुतेक ओला राहिला होता.

आता निळा. हसू नकोस. तू आयुष्यभर माझ्यावर चिडत आलास की हिला सगळंच निळं दिसतं. म्हणून मी आपल्या रस्त्यावरच्या पाट्यांवरून सांगते, त्या तूच रंगवल्या आहेत. काठाजवळचं पाणी म्हणजे पोहण्याच्या तलावाची पाटी, जिच्यात हिरवा जास्त पडला म्हणून तू ती तीनदा खरवडलीस आणि मालक म्हणत राहिला की पहिलीच बरी होती. खाडीच्या मधोमध औषधांच्या दुकानाचा निळा, पावसाळ्यानंतर तू दुसरा हात दिलास तेव्हाचा. ढगाची सावली सरकते तिथे तो न्हाव्याच्या पाटीसारखा काळसर होतो. आणि अगदी शेवटी, आभाळाला लागून, एक बारीक पट्टा आहे. तो तुझ्या स्वतःच्या दुकानाच्या पाटीचा आहे. उतरवून भिंतीला लावून ठेवलीस ना, त्याच पाटीचा.

ओळखलास का? मला दिसतंय, दादा. सगळं दिसतंय. पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

खड्ड्यात पडले ते समुद्राकडे बघत चालले होते म्हणून. वळणावर अचानक सगळं पाणी समोर आलं, मी बघत राहिले आणि पाय गेला. खडकावर आपटले ते याच काळ्या पक्ष्यांच्या नादात. एकाने बुडी मारली, तो कुठे वर येतो ते बघत होते. हे मी तुला लिहिलं नाही. तुझ्यापुढे बसून मिठाई खाल्ल्यासारखं वाटलं. म्हणून मी वास लिहिले, आवाज लिहिले, बाईची कवळी लिहिली. डोळा हा शब्दसुद्धा येऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं, आणि आपल्या भाषेत डोळ्यावाचून दोन वाक्यं बोलून बघ, किती जड जातं ते. मला वाटलं मी तुला जपतेय. तू तिकडे माझ्यासाठी उपाशी बसलास.

तपासणीचं सांगते. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, तुम्हाला काही नाही, पुढेही होणार नाही. मी आभार मानून बाहेर आले आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. एक बाई विचारायला आली, "वाईट निघालं का?" मी म्हटलं, नाही, चांगलं निघालं. ती बिचारी बघतच राहिली. एका आईच्या पोटची दोन मुलं. रंग ज्याला कळतात त्याचे डोळे जावेत आणि जिला सगळं निळं दिसतं तिचे राहावेत, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू? लाज वाटली. म्हणून नंतर सांगते, नंतर सांगते.

आणि आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मी इथे फिरायला आलेले नाही. मी मागची सीट शिकायला आलेय. तू जा म्हणालास तेव्हा मला घरीच बसायचं होतं, पण मग वाटलं, मला दिशा धरता आली तर तू पुढे बसू शकशील. पुढच्याला बघावं लागतच नाही. मी नऊ वर्षांची होते, लाटेला घाबरून वल्हं सोडून दिलं होतं, तेव्हा मागून तू काय म्हणाला होतास? "डोळे मिटून मार वल्हं. दिशेचं मी बघतो." मी खरोखर डोळे मिटून मारलं होतं, आणि आपण काठाला लागलो होतो.

ती कयाक देऊ नकोस. हे मी लिहिणार नव्हते, तरी आलेच त्याच्यावर. तू नाही म्हणालास तर मी भांडणार नाही. पण हो म्हणावंस असं मला फार वाटतं. मी आता सरळ जाते. वळताना अजून थोडी चुकते. खडकांचं काही सांगत नाही, पण बघते नीट. तुझ्यासाठी डोळ्यांत तेल घालून बघेन.

एक पक्षी उडाला. चार राहिले.

तुझी,
चांगल्या डोळ्यांची, लाजलेली बहीण


१९ मार्च
तीच पायरी

प्रिय वहिनी,

हे पत्र तुझं. मोठ्याने वाचायचं नाही, आणि कुणाला वाचूनही दाखवायचं नाही. इतके दिवस तू माझी पत्रं वाचलीस ती सगळी दुसऱ्याची होती. त्यात मी तुला खिडकी उघड, ओळ गाळ असली कामंच सांगत राहिले. तुझी विचारपूस केली ती वरवर. त्याबद्दल रागावली असशील तर रागाव, हक्क आहे तुझा. दादाला इकडे यायच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवून दिलंस आणि स्वतः कामावर गेलीस, हे कळल्यावर मला तुझा फार अभिमान वाटला. सोबत आली असतीस तर तो लहान मुलासारखा वागला असता.

बस थांबली तेव्हा मी आणि मिशीवाले थांब्यावर उभे होतो. तो उतरला, दाराची दांडी न सोडता. मी धावले तर म्हणाला, "थांब, आधी वास घेऊ दे." लोक मागे खोळंबले. ड्रायव्हर इंजिन बंद करून बसला. मग दादा म्हणाला, "ओवा नाही तो. रानपुदिना असेल. तुला वासातलंही कळत नाही."

पायरीवर बसवलं. त्याला आता समोर मूठभर उजेड तेवढा राहिलाय, रंग नाहीत, हे तुला माहीत आहेच. मी ते पहिल्यांदा उजेडात पाहिलं. घरात तो भिंतीकडे तोंड करून असायचा, कळत नव्हतं. त्याने खिशातून काय काढलं असेल? रंगाच्या कंपनीचं जुनं कार्ड, चौकोनी चौकोनी तुकड्यांचं, दुकानात गिऱ्हाइकांपुढे टाकायचा ते. कुठल्या ओळीत काय ते त्याला बोटांनी पाठ आहे. म्हणाला, "तू पाठवलेलं पत्र छान आहे, पण तू माझ्या पाट्या पाठ केलेल्या असशील. आठवणीतून कुणीही लिहील. हे कार्ड हात लांब करून समुद्रासमोर धर, एक डोळा मीट, आणि शेवटचा पट्टा यातला कुठला ते सांग. अंदाजे नाही."

परीक्षा होती, वहिनी. आणि मला निळ्यातलं काही कळत नाही. मी कार्ड धरलं, खाली केलं, पुन्हा धरलं. बराच वेळ लागला. तो नुसता गुडघे धरून बसला होता, त्याची बोटं पांढरी झाली होती. मी म्हटलं, दादा, मी चुकीचं लिहिलं. तो तुझ्या पाटीचा नाही. चौथ्या ओळीतला कडेचा आहे, पाटीपेक्षा जरा जास्तच निळा.

त्याने कार्ड घेतलं, ओळी मोजल्या आणि अंगठा नेमका त्या तुकड्यावर ठेवला. म्हणाला, "हा मी कधी वापरलाच नाही. गिऱ्हाइकांना फार गडद वाटायचा. दोन्हीत एवढासा फरक आहे. हा फरक आंधळ्याला सांगता येत नाही." मग माझे दोन्ही कान धरले, लहानपणी धरायचा तसे, आणि रडला. मी काही त्याला इतकं रडताना पाहिलेलं नाही. मी म्हटलं, माफ कर मला, माझे राहिले. तर म्हणाला, "वेडी आहेस का? मी कुणासाठी झुरत होतो मग? आपल्या दोघांत चार होते, त्यातले दोन राहिले. ते आता दोघांचे."

मिशीवाले तेवढ्यात चहा आणायला गेले. चहा आणायला त्यांना इतका वेळ कधी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मिशीवाल्यांची दोघांची कयाक काढली. दादा पुढे, मी मागे. पहिल्यांदा त्याला बसताच येईना. पाय सारखे सुकाणूच्या पट्ट्या शोधत होते आणि पुढे त्या नसतात. निघालो तर दर चार हातांना मान मागे: "वारा कुठून आहे? उजवी दाब. अगं, उजवी." शेवटी मी म्हटलं, तू डोळे मिटून मार वल्हं, दिशेचं मी बघते. त्याचे खांदे एकदम खाली आले, मला मागून दिसलं. मग वल्हं जे लागलं ते लागलं. वहिनी, त्याचा हात अजून तोच आहे. मला त्याच्या लयीत राहायला धाप लागली. एक खडक थोडा घासला, तर म्हणतो, "मागचा माणूस बदला." खाडीच्या तोंडाशी ते काळे पक्षी होते. मी त्याला पक्षी सांगितले, पाणी सांगितलं, आभाळ सांगितलं. तो दर वेळी विचारायचा, "कुठला?" आणि मी कार्ड नसताना चुकायचे, आणि तो हसायचा. किती दिवसांनी ऐकलं मी ते हसणं. तुला ऐकवायला हवं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

आता तो पायरीवर माझ्या शेजारी बसून चहा पितोय. मी लिहितेय हे त्याला कळतं आणि मध्येमध्ये सूचना करतो. म्हणतो, कयाक ज्याला देणार होतो त्या माणसाला कळव, आता देणार नाही. फार बोलला तर बहिणीने अडवलं म्हणावं. म्हणतो, पालथी कयाक सरळ करायला हवी, ती अशीच पडून राहिली तर तिची कड दबते. एकटीने उचलू नकोस, मी आल्यावर उचलू. आणि हे त्याने सांगितलेलं नाही, मीच सांगते: कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात आहे, आणि बसल्या बसल्या त्याचा अंगठा त्या तुकड्यावर जातो.

तुझा नवरा मी पुढच्या आठवड्यात परत आणते. पाण्यावरून आणते, म्हणून थोडा उशीर होईल. काळजी करू नकोस, मी नीट बघते आहे.

तुझी नणंद,
मागच्या सीटवरून